दगड मृतांचे, माती जिवंतांची

नागपूरहून काटोलच्या वाटेने थोडे पुढे गेले, की जुनापाणी गावाच्या शिवारात काळ्या दगडांची वर्तुळे लागतात. पाहणाऱ्याला थक्क करावे असे त्यांत काही नाही. ओबडधोबड, टाकीचा घाव न लागलेले धोंडे मुरमाड जमिनीवर एकमेकांना खेटून गोलाकार मांडलेले, आणि आतल्या बाजूस दगडगोटे व माती यांचा बेताच्या उंचीचा ढीग. अशी सुमारे ३०० वर्तुळे एकट्या जुनापाणीच्या परिसरात नोंदली गेली आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड, रायपूर-हिंगणा, भागीमोहारी, धामना-लिंगा, वर्धा जिल्ह्यातील खैरवाडा ही नावे त्यांत मिळवली, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकात विदर्भाच्या या पट्ट्यात नांदून गेलेल्या एका समाजाचा नकाशा तयार होतो. पुराविद त्याला महापाषाण संस्कृती म्हणतात. एका संपूर्ण समाजाला त्याच्या दफनभूमीवरून नाव द्यावे, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यातील विपरीतपणा आपल्या लक्षातही येत नाही. उद्या कोणी आपल्या काळाचा इतिहास केवळ आपल्या स्मशानांवरून लिहू लागला, तर आपण हरकत घेऊ. आपल्या घरांचे काय, शेतांचे काय, भांडणांचे आणि लग्नांचे काय, असे विचारू. जुनापाणीची माणसे हे विचारू शकत नाहीत.

प्रस्तुत लेखात पुरातत्त्वाचा आढावा घेण्याचा हेतू नाही. तो अधिकारी व्यक्तींनी घेतलेला आहे. मला पडलेला प्रश्न नीतीचा आहे. ज्यांचे वंशज म्हणून आज कोणीही पुढे येत नाही, ज्यांची भाषा, ज्यांचे देव, ज्यांनी स्वतःस दिलेले नाव यांपैकी काहीही उरलेले नाही, अशा मृतांशी जिवंतांचे काही देणे लागते काय? आणि लागत असेल, तर त्यांच्या थडग्यात हात घालण्याचा अधिकार आपण कोठून आणला?

प्रश्न भावनेच्या भरात सुटणारा नाही. म्हणून प्रथम त्या वर्तुळांत काय आहे ते नीट पाहिले पाहिजे. विदर्भातील या दफनांत बहुधा खोल खड्डा आढळत नाही. तत्कालीन जमिनीवर किंवा उथळ खळग्यात अस्थी ठेवायच्या, त्यांच्याभोवती काळ्या-तांबड्या रंगाची मडकी, वाडगे, लोखंडाची हत्यारे, कधी तांब्याची झाकणे, कधी कार्नेलियनचे मणी मांडायचे, त्यावर माती व गोट्यांची भर घालायची आणि कडेने मोठ्या धोंड्यांचे वर्तुळ बसवायचे. काही ठिकाणी संपूर्ण सांगाडा मिळतो, पण पुष्कळदा निवडक हाडेच मिळतात. म्हणजे देह कोठेतरी आधी ठेवला गेला, मांस झडून गेले, मग हाडे वेचून आणली गेली आणि वर्तुळात त्यांची स्थापना झाली. मृत्यू एकदा घडला आणि मृताची पाठवणी दुसऱ्यांदा झाली. या दोन घटनांमधल्या काळात ते अस्थिशेष कोणीतरी आठवणीत ठेवले होते, कोणीतरी राखले होते.

आता दगडांकडे पाहू. मीटरभर व्यासाचा बेसाल्टचा गोलसर धोंडा वजनाला दीड टनाच्या आसपास भरतो. असे किंवा याहून लहानमोठे दगड एका वर्तुळासाठी कितीतरी लागत. ते खोदून काढणे, ओढत आणणे, बसवणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. आणि ज्यांनी हे केले ते स्वतः कशात राहत होते? टाकळघाटला डॉ. शां. भा. देव यांनी १९६८-६९ मध्ये वसाहतीचे उत्खनन केले आणि जवळच खाप्याला दफनांचे. टाकळघाटला काय मिळाले? चोपून केलेल्या जमिनी, चुली, खापरे, लोखंडाचे तुकडे. खाप्याला दगडांची वर्तुळे, भरलेली, राखलेली. जिवंतांसाठी माती, कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर, मृतांसाठी दगड. ज्या समाजाला दगड हलवता येत होता त्याने तो स्वतःच्या घरासाठी हलवला नाही. ही निवड आहे, असमर्थता नव्हे, आणि माझ्या मते त्या समाजाविषयी आपल्याला असलेली ही सर्वांत खात्रीची माहिती आहे.

या वर्तुळांकडे नव्या विद्येने पाहणाऱ्यांपैकी एक अगदी पहिला माणूस म्हणजे नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. शाळा चालवली, गोंडांच्या भाषा व कथा टिपल्या, मध्य भारतातले जीवाश्म गोळा केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची वर्तुळे पाहून घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या ओढ्यात ते बुडाले. सर रिचर्ड टेम्पल यांनी त्यांचे कागद १८६६ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. पुढे १८८३ मध्ये स्थापन झालेले नागपूरचे महाविद्यालय त्यांचे नाव आजही सांगते. थडगी उकलायला गेलेल्या माणसाचा असा शेवट व्हावा, यात कोणाला मृतांचा कोप दिसेल. मला दिसते ते एवढेच, की पावसाळ्यात त्या भागातले ओढे कोणाचीही गय करीत नाहीत, आणि इसवी सनापूर्वीही करीत नसणार.

हिस्लॉपनंतर रिव्हेट-कार्नॅक आले. त्यांनी १८६७ च्या सुमारास जुनापाणीची काही वर्तुळे खोदली आणि १८७९ मध्ये त्यांविषयी लिहिले. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीएवढे लहान खळगे त्यांना दिसले आणि त्यांना ब्रिटनमधील तशाच खुणांची आठवण झाली. परक्या देशात नेमलेला अधिकारी परक्या दगडावर आपल्या घरची खूण शोधतो, हे मनुष्यस्वभावाला धरूनच झाले. त्याच खळग्यांकडे चालू शतकात खगोलाच्या अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा त्यांना त्यांच्या दिशांत आकाशाचे गणित दिसू लागले. गावच्या लोकांच्या मनात ही वर्तुळे कधी गवळी राजांची होती, तर दक्षिणेत अशीच थडगी पांडवांच्या नावे चालतात. प्रत्येक जण तेथे आपले ओळखीचे कोणीतरी उभे करतो. रिकाम्या जागेची ही एक अडचण असते. ती फार लवकर भरते, आणि बहुधा भरणाऱ्याच्या प्रतिमेने भरते.

जुनापाणीतून निघालेल्या वस्तूंपैकी काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. स्वातंत्र्यानंतर थापर यांनी १९६१-६२ मध्ये जुनापाणीला, आणि मग देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०-७२ मध्ये माहुरझरीला, १९७७ नंतर नायकुंडला, १९८० नंतरच्या दशकात भागीमोहारी व खैरवाड्याला शिस्तबद्ध उत्खनने केली. यातून जे हाती आले ते मोलाचे आहे. पेंच नदीच्या काठच्या नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. वाकदार विटांची, भाता फुंकण्याच्या मातीच्या नळ्यांसह, आजूबाजूला मळीचे ढेकूळ पडलेले. म्हणजे वर्तुळांत ठेवलेली कुऱ्हाडी-खंजिरे बाहेरून आणली असतील असे नाही. अशी हत्यारे घडवणारे कारागीर याच भूमीत होते. तेथे आणि भागीमोहारीला तांदूळ, वाटाणा, मसूर यांसारख्या धान्यांचे जळके दाणे मिळाले. हे लोक केवळ गुरांमागे भटकणारे होते, हे लॉरेन्स लेशनिक यांनी १९७४ च्या ग्रंथात दक्षिणेतील एकंदर महापाषाण समाजांविषयी मांडलेले मत विदर्भापुरते तरी त्या मूठभर दाण्यांनी सैल केले. माहुरझरीला पुढे २००१ नंतर आर. के. मोहंती यांनी पुन्हा काम केले आणि तेथील मणी बनवणाऱ्यांचे जग अधिक स्पष्ट झाले.

थडगी उघडली नसती, तर यांतले फार थोडे कळले असते, हे प्रथम मान्य करावे लागते. जे न उघडण्याचा आग्रह धरतात त्यांनी हा हिशेब टाळू नये.

पण जे कळले त्याचे स्वरूपही तपासले पाहिजे. एक साधे गणित करू. शंभर माणसांची एक वस्ती धरा. जुन्या काळचे मृत्युमान लक्षात घेता तेथे वर्षाला तीन-चार मृत्यू होतील. पाच शतकांत दीड ते दोन हजार. जुनापाणीची वर्तुळे ३००. एकेका वर्तुळात दोघा-तिघांच्या अस्थी आहेत असे मानले, तरी एका लहानशा वस्तीच्या निम्म्या मृतांनासुद्धा ती पुरत नाहीत. आणि इतकी वर्तुळे एकाच वस्तीची असतील असे मानणेही अवघड. काही वर्तुळे नांगराखाली गेली असतील, हे जमेस धरले तरी अंतर मिटत नाही. निष्कर्ष उघड आहे. बहुसंख्यांना दगड मिळाला नाही. त्यांना जाळले, पुरले, नदीत सोडले की रानात ठेवले, कोणास ठाऊक. पण ते आपल्या ज्ञानाच्या बाहेर राहिले. आपण ज्याला महापाषाण समाज म्हणतो तो त्या समाजातील थोड्यांचा समाज आहे.

येथे एक नैतिक फसगत संभवते. मृतांविषयी आदर बाळगा, असे म्हणताना आपण कोणत्या मृतांविषयी बोलतो? ज्यांच्यासाठी दगड ओढले गेले त्यांच्याविषयी. ज्यांनी ओढले ते आपल्या आदराच्या कक्षेतही येत नाहीत, कारण त्यांची हाडे आपल्याला अपराधी वाटायला लावण्यासाठी शिल्लकच नाहीत. मोठ्या माणसाच्या समाधीपुढे हात जोडणे सोपे असते. ती बांधताना ज्याच्या पायावर धोंडा घसरला त्याची समाधी कोणी बांधत नाही.

तथापि, दगड ओढणे म्हणजे वेठबिगारच, असेही धरून चालू नये. आपल्या देशात मोठे दगड उभारणारे समाज अगदी अलीकडेपर्यंत होते आणि काही प्रमाणात आजही आहेत. नागालँडमधील अंगामी लोकांत, संपन्न माणसाने साऱ्या गावाला मेजवान्या द्यायच्या आणि मग गावाने ओंडक्यांच्या गाड्यावर दगड चढवून, गात, तो ओढत आणायचा, अशी प्रथा विसाव्या शतकातही होती. तेथे दगड हा संपत्तीच्या साठ्याचा नव्हे, तर संपत्ती वाटून टाकल्याचा पुरावा असे. धान्याची कोठारे आणि गोठे रिकामे करून माणूस एक दगड आणि एक मान मिळवी. जुनापाणीचा दगड कोणत्या जातीचा? चाबकाने ओढलेला की मेजवानीने? दगड दोन्हींत सारखाच दिसतो. मला वाटते, एकाच समाजात दोन्ही असू शकतात, आणि ओढणाऱ्याला स्वतःलाही कित्येकदा फरक सांगता येत नाही. आपल्या गावांतल्या रथाच्या दोराला हात लावणाऱ्यांना विचारून पाहावे.

तीच गोष्ट पुरलेल्या धनाची. लोखंड त्या काळी स्वस्त नव्हते. एका लहान भट्टीत मूठभर लोखंड निघायला कितीतरी कोळसा, कितीतरी श्रम. अशा लोखंडाची धारदार कुऱ्हाड, जिच्यावर रान तोडून शेत करता आले असते, ती जमिनीत गाडायची. शिवाय घोडा. विदर्भातील अनेक वर्तुळांत घोड्यांची हाडे मिळाली आहेत. माहुरझरीला तांब्याच्या पत्र्याची शिरोभूषणे आणि लगामाच्या लोखंडी कड्या यांसह. घोडा हे साधे जनावर नव्हे. तो दुरून आणावा लागतो, पोसावा लागतो, शिकवावा लागतो. त्याला मारून धन्याबरोबर ठेवणे, याला आजचा अर्थशास्त्री उधळपट्टी म्हणेल, आणि आजचा भूतदयावादी क्रौर्य म्हणेल. दोघांचेही खरे आहे. पण एक तिसरी बाजूही आहे. बापाची तलवार, बापाचा घोडा, बापाच्या बायकोचे मणी हे सारे बापाबरोबर गेले, म्हणजे मुलाच्या हाती वारशाने त्यांतले काही आले नाही. ज्या समाजात मोठा माणूस आपले मोठेपण बरोबर घेऊन जातो, तेथे पुढच्या पिढीला ते नव्याने मिळवावे लागते. दफन हा तेथे संचयावरचा करही असू शकतो. याउलट, एवढे गाडूनही ज्याचे घर रिकामे होत नाही, असे जगाला दाखवण्यासाठीच ते गाडले, हेही शक्य आहे. मला पहिली शक्यता अधिक आवडते. ती आवडते म्हणून खरी मानण्याचा मोह मात्र टाळायला हवा. या विषयात तो मोह फार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. थडगे उघडणाऱ्याच्या बाजूने सामान्यतः दोन युक्तिवाद केले जातात. पहिला असा, की मृताला इजा होत नाही. जो नाही त्याचे नुकसान कसे व्हावे? दुसरा असा, की या मृतांचा कोणी वारस नाही, तेव्हा कोणाच्या भावना दुखावत नाहीत. पहिला युक्तिवाद आपण स्वतःच्या बाबतीत कधीच मान्य करीत नाही. मृत्युपत्राला कायद्याने अर्थ आहे, मृताला दिलेला शब्द मोडणाऱ्याला आपण विश्वासघातकी म्हणतो, आणि प्रेताची विटंबना आपल्या दंडविधानातही गुन्हा आहे. मृताचे शरीर दुखत नसेल. पण त्याने आणि त्याच्या माणसांनी जी व्यवस्था लावली तिला अर्थ होता, आणि अर्थ हा शरीराबरोबर कुजत नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक विचार करण्याजोगा आहे, कारण जगातले आजचे धोरण बहुतांशी त्याच्यावर उभे आहे. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा करून तेथील मूळ रहिवाशांच्या अस्थी त्यांच्या जमातींना परत देण्याची तरतूद केली. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० मध्ये मानवी अवशेष प्रदर्शनातून काढून घेतले; त्यांत नागा पूर्वजांचेही अवशेष होते, आणि ते मायदेशी आणण्याविषयी नागा समाज बोलत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंग्लंडमध्ये एका नागा माणसाची कवटी लिलावात निघाली, तेव्हा नागालँडमधून निषेध झाला आणि ती मागे घेण्यात आली. हे योग्यच झाले. पण या सर्व उदाहरणांत हक्क सांगणारा कोणीतरी आहे. त्याच्या आवाजामुळे मृताची प्रतिष्ठा राखली गेली. मग ज्याच्यासाठी बोलणारा कोणी नाही, त्याची प्रतिष्ठा कमी काय? प्रतिष्ठा जर वारसाच्या संख्येवर आणि आवाजावर ठरत असेल, तर ती मृताची प्रतिष्ठा नव्हे. ती वारसाची मालमत्ता आहे.

आपल्या परंपरेने या बाबतीत एक गोष्ट कायद्यापेक्षा पुढे जाऊन केली आहे. तर्पणात माणूस आपल्या पित्यांना पाणी देतो, आजोबा-पणजोबांना देतो, मातृकुळाला देतो. आणि मग जे निपुत्रिक गेले, ज्यांचे नाव घेणारे कोणी उरले नाही, जे आपले बांधव नव्हतेच, त्यांनाही एक ओंजळ सोडतो. सर्वपित्री अमावास्येमागची कल्पना हीच. तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, नाते माहीत नाही. तरी देणे लागते. कर्मकांडाविषयी माझी फारशी श्रद्धा नाही, पण या कल्पनेतील न्यायबुद्धी मला आधुनिक कायद्यातल्या न्यायबुद्धीपेक्षा सूक्ष्म वाटते.

आणि तरीही, याच परंपरेमुळे भारतीय पुरातत्त्वाला हाडांविषयी फारसा संकोच कधी वाटला नाही, असा माझा समज आहे. आपल्याकडे देह अग्नीला दिला, अस्थी प्रवाहात सोडल्या, की शरीराशी असलेला व्यवहार संपतो. हाडात काही उरत नाही, हा आपला संस्कार. परंतु खाप्याच्या माणसांचा संस्कार याच्या नेमका उलट होता. त्यांनी हाडे वेचली, थांबले, आणली, मांडली आणि त्यांच्याभोवती टनावारी दगड लावले. त्यांच्या लेखी हाडातच काहीतरी उरत होते. त्यांच्या मृतांना आपल्या श्रद्धेच्या मापाने मोजून, यात काय आहे, ही तर नुसती हाडे, असे म्हणणे हा एक अदृश्य प्रकारचा धर्मांतराचा व्यवहार आहे.

अलीकडे त्या हाडांकडे एका नव्या भुकेने पाहिले जाते. प्राचीन जनुकद्रव्याच्या अभ्यासासाठी हाडाची भुकटी करावी लागते. आणि आपल्या उष्ण हवामानात यश दुर्मीळ. राखीगढीच्या ६१ नमुन्यांपैकी एकाच स्त्रीच्या अस्थीतून उपयुक्त जनुकक्रम मिळाला आणि तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या एका स्त्रीवर देशभर जो वाद माजला तो आठवावा. ती कोणाची आई होती, हे विचारण्यात कोणाला रस नव्हता. ती आर्य की अनार्य, आमची की तुमची, एवढेच विचारायचे होते. विदर्भातल्या घोड्यालाही याच वादात अनेकदा साक्षीला ओढले गेले आहे. ज्ञानासाठी थडगे उघडणे आणि भांडणासाठी साक्षीदार उठवणे या दोन क्रिया हाताने सारख्याच होतात.

यावर कोणी विचारील, की मृतांना साक्षीला बोलावणे नेहमीच वाईट काय? छोटानागपूरच्या मुंडांमध्ये पूर्वजांच्या अस्थींवर ठेवलेल्या शिळांना ससनदिरी म्हणतात. ज्याच्या पूर्वजांची ससनदिरी त्या गावात, त्याची ती जमीन, अशी त्यांची रीत. एकोणिसाव्या शतकात जमीनदार आणि सरकार कागद मागू लागले, तेव्हा मुंडांनी आपल्या शिळाच उचलून कलकत्त्याला नेल्याची हकीकत सांगितली जाते. २०१७-१८ मध्ये खुंटी भागात ग्रामसभेचे अधिकार शिळांवर कोरून त्या गावांच्या सीमेवर उभ्या केल्या गेल्या, तीही त्याच रीतीची नवी पालवी. ज्याच्याजवळ कागद नाही त्याने आपल्या पूर्वजाला साक्षीला बोलावले. मला यात दोष दिसत नाही. फरक आहे तो असा: मुंडा आपल्या मृतांचे देणे रोज फेडत आला होता, म्हणून त्याला त्यांच्याकडे काही मागता आले. आपण जुनापाणीच्या मृतांना काही न देता त्यांच्याकडे साक्ष मागतो.

मग द्यायचे ते काय? वर्तुळांभोवती पूजा सुरू करावी, असे कोणी सुचवू नये. ते काम आपल्याकडे फार वेगाने होते आणि त्याचा परिणाम पाहण्याजोगा नसतो. मला वाटते, उत्खनन करणाऱ्याचे पहिले देणे अहवालाचे आहे. एकदा खोदलेली जागा पुन्हा खोदता येत नाही. वर्तुळ उकलले म्हणजे ते वर्तुळ संपले. त्यानंतर ते केवळ मापांत, चित्रांत आणि वाक्यांत उरते. ती वाक्ये लिहिलीच नाहीत, तर मृत माणूस दुसऱ्यांदा आणि कायमचा नाहीसा होतो. देव यांनी टाकळघाट-खाप्याचा अहवाल १९७० मध्ये दिला, माहुरझरीचा १९७३ मध्ये, आणि नायकुंडचा जामखेडकरांसह १९८२ मध्ये. पुरातत्त्वात वर्षानुवर्षे पेट्यांत पडून राहिलेली उत्खनने किती आहेत, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या तीन तारखांतली नैतिकता कळेल. ती श्राद्धाइतकीच खरी आहे.

दुसरे देणे न उघडण्याचे. आज जमिनीवरून यंत्र फिरवून, कुदळ न लावता, आतल्या रचनेचा बराच अंदाज घेता येतो. साधने आणखी सुधारतील. तेव्हा जे उघडावेच लागते ते तेवढेच उघडावे. पण याचा अर्थ वर्तुळांना त्यांच्या नशिबावर सोडणे असा होऊ नये. विदर्भातली अनेक वर्तुळे १९५८ च्या कायद्याखाली केंद्राने संरक्षित केलेली आहेत. तरी कागदावरचे संरक्षण आणि शिवारातले संरक्षण यांत अंतर असते. शेतकऱ्याला नांगराच्या वाटेत धोंडा नको असतो, बांधाला मात्र हवा असतो. रस्त्याला मुरूम लागतो, आणि वर्तुळे नेमकी मुरमाड उंचवट्यांवर आहेत, कारण काळी जमीन पिकाची म्हणून त्या जुन्या माणसांनीही ती मृतांसाठी अडवली नव्हती. शेतकऱ्याला दोष देताना हे आठवावे. जमिनीचा त्याचा हिशेब आणि त्यांचा हिशेब एकच आहे. गिट्टी फोडणाऱ्या यंत्राचा हिशेब वेगळा. त्याला सारे दगड सारखे.

नागपूर शहर वाढते आहे. जुनापाणीची बहुतेक वर्तुळे आजवर कोणीही उघडलेली नाहीत. त्यांच्या आत, हातभर मातीखाली, कोणीतरी वेचून आणलेली हाडे आहेत, जवळ ठेवलेला वाडगा आहे, आणि वाडग्यात काय होते ते केव्हाच मातीत मिसळून गेले आहे.